जरा पुढे ये

आमच्या सुनेला एक वाईट खोड होती. नवऱ्याचा फोन आला की घराकडे पाठ करून बोलायची. बोलणं संपलं की फोन पदरात गुंडाळून आत यायची, आणि मी विचारलं, "काय म्हणाला गो गौरव?" की उत्तर ठरलेलं. "आई, ह्यांचं नीट ऐकूच आलं नाही." नीट ऐकू आलं नाही तर इतका वेळ बाहेर कसलं कीर्तन चाललं होतं? पोटात मी वागवला, आजारपणं मी काढली, आणि बोलायला मात्र ही. माझ्या कानाला दोन घटका फोन लावला असता तर झिजला असता काय? पण नाही. भात करपू दे, देवाजवळ दिवा लागायचा राहू दे, हिचं आपलं खळ्यात, पुढच्या अंगणात उभं राहून कानाला फोन आणि पाठ घराला.

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. पण आमच्या भाट्ये गावात माझ्यापुढे आवाज चढवून बोललेलं माणूस अजून कुणी बघितलेलं नाही. आमचे हे बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. ते वारल्यावर घर, वाडी, माड, सगळं मी एकटीने राखलं. गौरवला मालबोटीवर चिकटवला तो मीच. त्याला हेमा बघितली तीही मीच. ती अलोऱ्याची. बाप तिथल्या प्रकल्पाच्या कॉलनीत नोकरीला. डोंगरातली पोर, धरणाचं पाणी बघितलेली, समुद्राचं नाही. भरती कधी, ओहोटी कधी, कशाचा पत्ता नाही. नवीन आली तेव्हा पुळणीवर, समुद्राच्या वाळूत चल म्हटलं तर चपला हातात घेऊन सुरूच्या झाडांशीच उभी राहायची. लाट बघून घाबरायची.

इनकमिंग फुकट झालं त्या साली गौरवने बोटीवर जाताना तिला मोबाइल घेऊन दिला. म्हणाला, "आये, बंदराला लागलो की फोन करीन, दोघींशी बोलेन." दोघींशी! आमचं घर चिऱ्याचं. भिंती हातभर जाड, मागे सड्याचा, कातळाच्या माळाचा चढ. घरात तो फोन म्हणजे साबणाची वडी. त्याच्या कोपऱ्यात काड्या दिसतात, जितक्या काड्या तितकी रेंज, हे मला सलिलने शिकवलं. सलिल माझ्या दिराचा मुलगा. खाडीचा पूल ओलांडून गावात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. पहिल्या दिवशी त्याने फोन हातात धरून सगळ्या घरातून प्रदक्षिणा घातली. शेवटी खळ्यात, धुण्याच्या दगडाशी दोन काड्या मिळाल्या. म्हणाला, "वहिनी, ही तुमची जागा." झालं. तेव्हापासून ती तिथे उभी.

एक गोष्ट मात्र मी तिच्याकडून करून घेतली. ती बोलणं संपवताना "बरं, ठेवते" म्हणायची. कॉलनीतली सवय. मी म्हटलं, माणूस पाण्यावर आहे, आणि ठेवते काय म्हणतेस? आमच्या घरातून आजवर कुणी 'जातो' म्हणून निघालेलं नाही. निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं आणि उंबऱ्यातल्याने 'ये' म्हणायचं. ह्यांनी जन्मभर तसं केलं, गौरव तसं करतो. फोनवरही तसंच म्हण. तेवढं तिने ऐकलं. मग दर फोनला खळ्यातून शेवटचा शब्द कानावर यायचा, "बरं, येते हं." आणि माझा जीव जरा खाली बसायचा.

दसरा झाला आणि दगडापाशी रेंज येईना.

हेमा चार वेळा बाहेर जायची, फोन डोक्यावर धरायची, उन्हात फिरवायची. मी म्हटलं, आता आरती तेवढी म्हण. सलिल आला. त्याने फोनची पाठ उघडली, बॅटरी काढली, आतलं सगळं रुमालाने पुसलं, पुन्हा बसवलं. बंद करून चालू केला. मग कसली बटणं दाबून टॉवर शोधत बसला.

"काकी, पावसानंतर झाडांचा पाला वाढतो ना, त्याने अडते कधीकधी."

"माड काय आज उगवले, मेल्या?"

तो हसला आणि फोन घेऊन चालायला लागला. खळं झालं, वाडी झाली. गडग्याशी, म्हणजे आमच्या हद्दीच्या दगडी बांधाशी पोचला आणि ओरडला, "इथे आहे! तीन काड्या!" हेमा निऱ्या सावरत धावली. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, फोन आला. मी पडवीत तांदूळ निवडत होते. हेमा मोठ्याने बोलत होती, "हॅलो, हो, ऐकू येतंय. तुमचं तुटतंय. काय? पुढे? कुठे पुढे?" मग ती गडगा ओलांडून पलीकडे पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर उतरली. तिथून तिचा आवाज बदलला. हळू झाला. कोणी जवळ उभं असल्यासारखा.

आल्यावर मी विचारलं. "काही नाही, आई. ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, एवढंच विचारत होते. म्हणाले, जरा पुढे ये."

त्यात काय वाईट? सगळेच म्हणतात. मीच सकाळी सलिलला दहा वेळा म्हटलं होतं.

पण पुढच्या आठवड्यात गडग्याशीही काडी दिसेना. रेंज पाखाडीच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून. मग रस्त्याच्या पलीकडे. मग सुरूच्या बनात. मी हेमाला म्हटलं, "फोन आहे की गाय आहे? रोज कुठे चरायला जातो?" ती हसली नाही. पूर्वी अशा बोलण्यावर तोंड फुगवायची, आता तेही नाही. नुसतं माझ्याकडे बघायची, जसं काही मी फार लांबून बोलतेय.

सलिलला मी सगळं सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा कपाळाला आठी घातली. मला पुळणीवर नेऊन उभं केलं आणि हात करून दाखवलं.

"काकी, टॉवर तिकडे. खाडीपलीकडे, गावात. म्हणजे रेंज त्या बाजूला वाढायला पाहिजे, नाहीतर वर सड्यावर. वहिनी रोज चालल्यात पश्चिमेला. तिकडे काय आहे?"

तिकडे काही नव्हतं. पाणी होतं. उजवीकडे लांब किल्ल्याचा डोंगर आणि त्यावरचा दिवा, समोर नुसतं पाणी.

"समुद्रात टॉवर नसतो," तो म्हणाला. स्वतःलाच सांगितल्यासारखा.

मग म्हणाला, कार्डच खराब असणार. त्याने हेमाकडून फोन मागून घेतला, आतलं कार्ड काढलं आणि बदलून आणतो म्हणून घेऊन गेला. फोन परत तिच्या हातात दिला. कार्ड म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, असेल नाव-पत्ता लिहिलेला कागद. फोन तर तिच्याकडेच होता. ती रोज पुळणीवर जात होती, रोज बोलत होती. सुरूची झाडं मागे टाकून, ओल्या वाळूपर्यंत. लाटेला घाबरणारी पोर आता लाट पायावर घेऊन उभी राहायची. पाठ घराला. एकदा मी तिच्या मागे गेले, झाडांशी थांबले. वारा पडलेला. तिचं शेवटचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं, "बरं, येते हं."

दोन-चार दिवसांनी सलिल आला. दुकान उघडं असायच्या वेळेला आला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. हेमा मागे विहिरीवर होती.

"काकी, कार्ड आणलंय," तो म्हणाला. "उशीर झाला. इतके दिवस वहिनींचा फोन बंद राहिला."

"बंद कुठला? रोज बोलते."

"कुणाशी?"

"कुणाशी म्हणजे? नवऱ्याशी. काल चांगली दिवे लागेपर्यंत बोलत होती."

त्याने हात पुढे केला. तळव्यावर ते कार्ड, नखाएवढं. म्हणाला, "काकी, हे आत असल्याशिवाय फोन लागत नाही. येतही नाही. नुसता डबा असतो तो."

मी म्हटलं, तुझ्या दुकानात जो माल असेल तो असेल, माझी सून बोलते ते मी ह्या कानांनी ऐकलंय. त्याने मूठ मिटली. पडवीच्या कठड्यावर बसला. आणि मग जे सांगायला आला होता ते सांगितलं. मुंबईच्या ऑफिसातून दुकानावर फोन आला होता. गौरवची बोट सापडत नव्हती. दसऱ्याच्या आदल्या रात्री तिच्याशी शेवटचं बोलणं झालं, त्यानंतर काही नाही. विमानं शोधून आली. तेलाचा तवंगसुद्धा नाही.

माझ्या सुपात तांदूळ होते. मी ते पाखडले. पाखडून झाले तरी पाखडत राहिले.

"हेमाला सांगू नकोस," मी म्हटलं. "माझ्या मुलाचं काय झालं ते मुंबईचा कारकून मला सांगणार? मी बघते."

खरं सांगायचं तर दुसरंही मनात होतं. तिने त्याचा आवाज ऐकलाय, मी नाही. जिथून येत असेल तिथून येऊ दे. माझ्या कानाला एकदा पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि हेमा उठली. हात धुतले, फोन घेतला, निघाली. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी मागोमाग. सुरूच्या बनात सावली होती, तिच्यातून ती बाहेर पडली आणि थांबली नाही. ओहोटी लागून पाणी लांब गेलेलं. भिजलेली पुळण आरशासारखी चकाकत होती. तिच्यावर तिच्या पावलांची रांग सरळ, एकदाही न वळलेली. माझं वय झालेलं, ओल्या वाळूत पाय रुततात. मी हाका मारल्या. "हेमा! अगो हेमा!" तिने मागे बघितलं नाही. ती फोनच्या कोपऱ्याकडे बघत चालली होती.

पाणी तिच्या घोट्याला लागलं. मग गुडघ्याला.

फोन कानाला गेला. "हो," ती म्हणाली. "आता येतंय. अजून पुढे? बरं."

मी पोचले तेव्हा कमरेएवढं होतं, आणि पायाखालची वाळू सरकायला लागली होती. पाणी परत फिरलं होतं, भरती लागली होती. ते मला कळतं, तिला नाही. मी तिचा दंड धरला. थंड. उन्हातून आलेल्या माणसाचा दंड असा नसतो. तिने ओढाताण केली नाही. नुसती उभी राहिली, पुढे तोंड करून. मी फोन हिसकावला. काड्या बघितल्या. वरपर्यंत भरलेल्या.

कानाला लावला.

आधी समुद्र बंद झाला. दुसरा कान उघडा होता, लाटा माझ्या अंगावर फुटत होत्या, पण आवाज नाही. माजघरात दुपारी असतं तसं शांत.

"आये?"

माझा गौरव. इतका स्वच्छ की त्याने आवंढा गिळलेला ऐकू आला.

"आये, तू आहेस? तुझं नीट येत नाही. जरा पुढे ये."

मी पाय हलवला नाही. "तू कुठे आहेस ते आधी सांग."

"इथेच. इथे रेंज पुरी आहे."

"घरी ये."

"तिकडे मला रेंज नाही, आये."

त्याच्या मागे काहीतरी चाललं होतं. मी कान दाबून धरला. माणसं होती, पुष्कळ. कोणी मद्राशी, कोणी बंगाली, कोणाची भाषा मी जन्मात ऐकलेली नाही. सगळे एकाच चालीत, थांबून थांबून, तेच तेच विचारत होते. भाषा कळायची गरजच नव्हती. ऐकू येतंय का? ऐकू येतंय का? प्रत्येकजण आपापल्या घराला.

"आये, हेमाचा हात सोड."

मी धरलाय हे त्याला कसं दिसलं, हे मी विचारलं नाही.

"का सोडू?"

"ती येते म्हणालीय. रोज म्हणते."

"ती रीत आहे रे आपल्या घरातली, मे—" जिभेवर नेहमीचं 'मेल्या' आलं होतं. मी ते दाताखाली धरलं. दात ओठात घुसला.

"हो ना," तो म्हणाला. "म्हणून मी पण रोज म्हणालो. ये."

मी फोन भिरकावला. जितका लांब जाईल तितका. तो बुडाला तिथे वर्तुळही उठलं नाही.

मग समुद्राचा आवाज एकदम परत आला आणि त्याबरोबर लाट. नाकातोंडात पाणी. मी तिचा अंबाडा धरला, पदर धरला, जे हाताला येईल ते धरलं आणि ओढलं. ती जड होती. बुडालेल्या माणसाला ओढतात तशी जड, आणि उभी तर माझ्याबरोबर होती. होडीवाले धावत आले नसते तर दोघी गेलो असतो. त्यांनी आम्हाला वाळूत आणून टाकलं. गावभर झालं, म्हातारीने सुनेला समुद्रातून ओढून काढली. बायका नारळ घेऊन मला बघायला आल्या. मी म्हटलं, बघा.

गौरवचं मी हेमाला त्याच रात्री सांगितलं. ती रडली नाही. "बरं," म्हणाली.

तेव्हापासून तिच्यात खोड म्हणून राहिली नाही. पाठ करत नाही. भात करपत नाही. दिवा वेळेवर लागतो. मी टाकून बोलले तरी ऐकून घेते. फक्त एक आहे. हाक मारली की लगेच ओ देत नाही. हाक जाते, मध्ये काहीच नसतं, मग ओ येते. काही विचारलं की तसंच. बोटीवरून फोन यायचा तेव्हा असंच व्हायचं म्हणे. आपण बोललेलं तिकडे पोचायचं, तिकडचं इकडे पोचायचं, मध्ये पाणी. बायका म्हणतात, धक्का बसलाय, होईल कमी. झालं नाही. उलट ते मधलं वाढतंय. आणि तिच्या लुगड्याचा काठ किती धुतला तरी वाळला की पांढरा होतो. मी जिभेला लावून बघितला. खारट.

परवा सलिल आला होता. कंपनीने शोध थांबवल्याचं पत्र आलं होतं. माणूस हाताला लागला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, ती करायची का, बायकोने बसावं लागेल, असं बोलणं निघालं. तो म्हणाला, भटजींनाच विचारतो, आणि खिशातून आपला फोन काढला. तो त्याचा स्वतःचा, दुसऱ्या कंपनीचा, नवा. सवयीने खळ्याकडे निघाला. तिथे काही नाही म्हणून परत पडवीत आला. पडवीतून माजघरात. हात वर करून, फोनकडे बघत, पाऊल पाऊल टाकत.

"काकी, कमाल आहे," तो आतून म्हणाला. "तुमच्या स्वयंपाकघरात रेंज! पुऱ्या काड्या!"

मी उठून गेले. हेमा विळीवर दुधी चिरत बसली होती. तो तिच्याशेजारी उभा. हसत होता. नंबर लावायला म्हणून दारात आला, तर काड्या गेल्या. पुन्हा आत गेला, भरल्या. त्याने फोन खिडकीकडे नेला, गेल्या. चुलीकडे नेला, गेल्या. तिच्या डोक्याजवळ नेला.

मग त्याने हसणं थांबवलं.

हेमा चिरलेला दुधी घेऊन उठली, मागच्या दाराशी पाण्याच्या पिंपाकडे गेली. सलिल जागच्या जागी उभा होता. त्याच्या हातातल्या काड्या एकेक करून विझल्या. ती परत येऊन विळीवर बसली, तशा एकेक करून पेटल्या.

आणि फोन वाजायला लागला.

सलिलने माझ्याकडे बघितलं. त्याने नंबर बघितला आणि फोन माझ्यासमोर धरला. नंबरच्या जागी काही नव्हतं.

हेमाने मान वर केली नाही. विळी चालूच होती. मधलं ते लांब रिकामं गेलं, आणि मग ती बोलली, गोड आवाजात, अगदी जवळून आणि फार लांबून.

"घ्या ना, भाऊजी. त्यांना तुमच्याशीही बोलायचंय."

सलिल फोन तिथेच टाकून बाहेर पळाला. त्याच्या चपला पाखाडीवर वाजत गेल्या. फोन जमिनीवर थरथरत वाजत राहिला. मी खाली बसले, हेमाच्या समोर. गुडघे दुखतात, पण बसले. तिच्या कपाळावरचं कुंकू, तिची ती डोंगरातली सावळी हनुवटी, सगळं होतं तिथेच. मी तिचा हात हातात घेतला. पुळणीवर धरला होता तसाच होता तो. थंड, आणि जड. तिच्याशी मी कधी मऊ बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"सगळे म्हणतात मी तुला ओढून आणली. तू काय आलेली नाहीस, बाय. तू तिथेच आहेस."